होकाराची तालीम

विहिरीभोवती अकरा माणसे, सात हंडे, एक रहाट आणि एक साहेब होता. दिवा गावाजवळच्या मिठागरातली ती एकच गोड्या पाण्याची विहीर. १८७७ सालच्या पटकीत आसपास बरीच माणसे दगावली होती आणि वाईट पाण्याच्या विहिरी बुजवायचा हुकूम घेऊन साहेब आला होता. त्याचा दुभाष्या प्रभाकर कल्याणला तापाने पडून होता. त्यामुळे साहेबाजवळ कामापुरते तीन-चारच शब्द होते.

"पानी अच्छा?"

अकरा माना दोन्ही खांद्यांकडे झुलल्या. सगळे एकदम बोलूही लागले. साहेब एक पाऊल मागे सरकला. बायजाने त्याला प्यायला जवळ बोलावले : हात पुढे, तळवा जमिनीकडे, बोटे आत-बाहेर. साहेबाच्या मुलखात असा हात 'चालते व्हा' म्हणतो. साहेब चालता झाला. जाताना काठावर चुन्याची फुली मारून गेला.

फुलीच्या तीन विहिरी शेजारच्या गावांत आधीच बुजल्या होत्या. धाकूने विश्रामला गाठले. तो ठाण्याला एका साहेबाच्या मुदपाकखान्यात राबलेला.

"तू सायबाला भाकऱ्या भाजून घातल्यास. सांग, आमचं काय चुकलं?"

"भाकऱ्या नाय, पाव. आनि मान आडवी हलली की त्यांच्यात नाय. होकार उभा असतो. ह्यो असा."

"अगं बया," बायजा म्हणाली, "ह्यो तर बैल दावं तोडतोय!"

"बैल तर बैल. आनि तोंड कुनी उघडायचं नाय. तुमी मायेनं बोलता तरी भांडल्यागत वाटतं."

रोज संध्याकाळी तालीम होऊ लागली. म्हाताऱ्या आवडाबाईची मान काही उभी होईना. साहेब पुन्हा येईल त्या दिवशी विश्रामने तिला घरातच राहायला सांगितले.

"पन्नास वर्सं ही मान हो म्हनतेय," ती म्हणाली. "आता हिला कोंडतोस व्हय रं?"

तिकडे ताप उतरल्यावर प्रभाकरने फुलीची हकीकत ऐकली आणि कपाळाला हात लावला.

"साहेब, ते हो म्हणत होते! मान आडवी हलली की आमच्यात होकार. तुमच्या अगदी उलट."

साहेब प्रामाणिक होता. चूक सुधारायला तो दुसऱ्याच दिवशी निघाला. आता खूण कळली होती, म्हणून अशक्त प्रभाकरला त्याने घरीच राहू दिले.

"पानी अच्छा?"

दहा माना वर-खाली झाल्या. तोंडे बंद. साहेबाने प्रभाकरचे 'अगदी उलट' आठवले. तरी एका उत्तरावर विसंबणे बरे नव्हे, म्हणून त्याने प्रश्न फिरवला.

"पानी खराब?"

दहा माना जोरात आडव्या हलल्या. दोन्ही उत्तरे एकमेकांशी जुळली. साहेबाने टोपी काढून छातीशी धरली आणि क्षणभर मान खाली घातली.

"टोपी काढली!" विश्राम कुजबुजला. "जितलो आपन."

दोन दिवसांनी मातीच्या गाड्या आल्या. धाकू पहिल्या गाडीला आडवा झाला.

"अरे थांब, पानी गोड हाय! पिऊन तरी बग."

गाडीवान सहदेव लोटाभर पाणी प्यायला, मग त्याने आणखी एक लोटा मागून घेतला.

"गोड आहे," तो तोंड पुसत म्हणाला. "पण बाबा, मला हुकूम मातीचा आहे."

संध्याकाळपर्यंत विहीर जमिनीच्या पातळीला आली. पुढची गोड्या पाण्याची विहीर मानपाड्याच्या वाटेवर होती. जाऊन-येऊन अंतर साडेपाच मैल भरले.