दोन कुलपं आणि गयामावशी

माझ्या गयामावशीकडं भांडण घेऊन जायचं असेल तर माणसानं आधी हात धुऊन जावं. कारण ओसरीवर टेकलात की तुमच्यापुढं सूप येतं. सुपात कधी मूग असतात, कधी तूर, कधी भुईमुगाच्या शेंगा. तुम्ही तावातावानं म्हणता, "मावशी, ह्यानं माझा बांध कोरला!" मावशी म्हणते, "कोरला आसंल. तू खडे काढ. काढता काढता सांग." ज्यानं बांध कोरला तोही आलेला असतोच. त्याच्यापुढं दुसरं सूप.

यामागं मावशीचा सिद्धांत आहे. "हात गुतलं की आवाज आपसूक खाली येतोय. मोकळ्या हाताचं माणूस लय बोलतंय. बराबर?" हे 'बराबर?' तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी असतं, आणि त्याला उत्तर दिलं नाही तर ती तेच वाक्य पुन्हा म्हणते.

गावातल्या दोन सख्ख्या भावांची वाटणी मावशीच्या ओसरीवर झाली तेव्हा शेंगांचं अख्खं पोतं फोडून झालं होतं. भाऊ एक झाले आणि मावशीचं पेरणीचं बियाणं तयार झालं. आमच्या गावातली निम्मी माणसं अजून म्हणतात की मावशी मुद्दाम खडेवाली डाळ विकत आणते. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "स्वस्त मिळती."

ती माझ्या आईची थोरली बहीण. म्हणजे मावशी माझी. पण हळूहळू सगळ्या गावाची झाली. तिच्याहून वयानं मोठे गडीसुद्धा तिला मावशीच म्हणतात. वारंगा फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव. फाट्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सरपंचपद आमच्या समाजातल्या बाईसाठी राखीव झालं तेव्हा काही शहाण्यांनी मावशीला उभं केलं. त्यांचा हिशेब सोपा होता, सही करणारी बाई मिळाली.

त्यांनी मावशीला सही करताना पाहिलेलं नव्हतं. मावशी चौथी पास आहे. कुठलाही कागद ती बोट ठेवून मोठ्यानं वाचते, अगदी वरच्या कार्यालयाच्या पत्त्यापासून खालच्या 'प्रत माहितीसाठी'पर्यंत. पहिल्याच महिन्यात ग्रामसेवक सह्यांचे कागद घेऊन आला. बाहेर मोटारसायकल चालूच ठेवली होती. मावशी म्हणाली, "गाडी बंद कर बापू, तेल जळून राहिलंय." आता तो सह्या घ्यायला येताना डबा घेऊन येतो.

ग्रामपंचायतीत सरपंचासाठी गोल फिरणारी खुर्ची आहे. मावशी तिच्यावर एकदाच बसली. बसल्याबरोबर खुर्ची फिरली आणि सरपंचबाईंचं तोंड भिंतीकडं झालं. मावशी उठली. "आपल्याला न इचारता आपलं तोंड फिरवती, तिच्यावर काहून बसावं?" तेव्हापासून ती स्टुलावर बसते आणि खुर्चीत ग्रामसेवकाचा डबा बसतो.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग शेळ्या चोरीला गेल्या.

हळदीचा हंगाम होता. शेताशेतात काढणी चालू होती, कढया पेटलेल्या होत्या. आणि एका मागून एक गावातल्या गोठ्यांतून शेळ्या जायला लागल्या. विहिरींवरच्या मोटारींच्या केबली कापून नेल्या. चोर सापडेना. फाट्यावरून कुठलीतरी पिकअप आत येते एवढंच लोक सांगत.

उपसरपंच दत्तराव तसा सरळ माणूस, पण एकदा एक गोष्ट डोक्यात शिरली की ती दुसऱ्या दारानं बाहेर पडत नाही. त्यानं जाहीर केलं, "गावाला लोखंडी फाटक पायजे. कुलूपबंद. आन् गायरानातली ती बाहेरची माणसं आधी उठवा."

बाहेरची माणसं म्हणजे चार कुटुंबं. मध्य प्रदेशातून हळद काढायला आली होती आणि गेल्या हंगामानंतर परत गेलीच नाहीत. गायरानात पालं टाकून राहिली. त्यांची पोरं शाळेच्या कुंपणाला लटकून आतलं बघत. आता त्यांनी नळ मागितला होता.

कैलास हा दुसरा सदस्य. त्याची हळद सगळ्यांत जास्त. तो उसळला. "त्याह्यला हाकललं तर हळद कोण उकडील? तुझं फाटक?"

पंचायतीत दोन तट पडले, बरोबरीचे. वर्षाच्या खर्चाची सभा होती. दत्तरावची माणसं म्हणाली, फाटकाला पैसा ठेवल्याशिवाय एका कागदावर सही नाही. कैलासची माणसं म्हणाली, फाटकाचं नाव कागदावर आलं तर आमची सही नाही. सभा मोडली. संध्याकाळी दत्तरावनं ग्रामपंचायतीच्या दाराला आपलं कुलूप घातलं. सकाळी कैलासनं येऊन त्याच्या शेजारी आपलं घातलं. म्हणजे एकानं उघडलं तरी दुसऱ्याचं राहणार. ग्रामसेवक आला, दोन कुलपांकडं बघितलं, झाडाखाली बसून डबा खाल्ला आणि गेला.

पहिले दोन-तीन दिवस लोकांना मजा वाटली. मग टाकी रिकामी झाली आणि नळ बंद पडले, कारण पाण्याच्या मोटारीचं बटण त्याच कुलपांच्या आत होतं. खांबावरचे दिवे लागेनात. पोरांना दाखले मिळेनात. दाखले नाहीत म्हणून माझ्या झेरॉक्सला गिऱ्हाईक नाही. बाया रानातल्या विहिरींवरून हंडे आणायला लागल्या. दत्तरावची म्हातारी आई आणि कैलासची बायको एकाच विहिरीवर एकमेकींचा हंडा उचलू लागायच्या, आणि घरी जाऊन दोघी आपापल्या माणसाचा उद्धार करायच्या.

मावशीकडं मात्र कुणी येईना. दत्तराव म्हणाला, "तिथं गेलं की सूप पुढं येतंय. मी सुपाला भ्यालो." कैलासचंही तेच.

यात एक गोष्ट गावाला कोड्यात टाकत होती. चोरीला गेलेल्या शेळ्यांत मावशीच्या दोन होत्या. एक तर गाभण होती. त्या दिवशी मावशी रिकाम्या खुंट्याजवळ बराच वेळ बसून होती. मी पाहिलं आहे. दत्तरावला वाटलं, मावशी आता आपलीच. तिला वाटेत गाठून तो म्हणाला, "तुमचं तर घरच लुटलं, मावशी. तुमी तरी फाटकाला हो म्हणा."

"शेळी माझी गेली," मावशी म्हणाली. "पण कुणी नेली ते मी बघितलं न्हाई. तू बघितलं का?"

"न्हाई."

"मंग न बघितलेल्या चोरापायी बघितलेल्या माणसाला कसं हाकलू?"

दत्तरावचे लोक चिडले. अविश्वास ठराव आणायची भाषा सुरू झाली. मी घाबरून मावशीला सांगायला गेलो. ती म्हणाली, "आणू दे. ठराव लिहायला बी कुलूप उघडावं लागंल."

आणि मग ती स्वतःच निघाली. काखेत सूप. आधी दत्तरावच्या घरी गेली, त्याच्याच ओट्यावर बसली, त्याच्याच घरची तूर मागून घेतली आणि निवडायला लागली. दत्तराव उभाच राहिला. मग बसला. मग त्याचाही हात सुपात गेला. मावशीनं विचारलं, "तुला काय काय पायजे ते म्हाईत हाय. त्यातलं काय सोडलं तर तुला झोप येणार न्हाई, तेवढंच सांग."

दत्तरावनं दोन-चार खडे काढून बाजूला टाकले. मग म्हणाला, "अंधार पडल्यावर अनोळखी गाडी आत याया नको. आन् गावात जे राहून राहिलंय, त्याचं कोणतरी जबाबदार पायजे."

"एवढंच?"

"एवढंच."

तिथून कैलासकडं. तोच प्रश्न. कैलास म्हणाला, "माणसं उठवू नका. गायरानात न्हाई तर दुसरीकडं ऱ्हाऊ द्या, पण उठवू नका."

"मंग आता माझं बी ऐक," मावशी म्हणाली. "ठेवायचं तर तहानलेलं ठेवायचं न्हाई. नळ द्यायचा. लेकरं शाळेत घ्यायची. हळदीपुरतं माणूस आन् पाण्यापुरतं परकं, आसं मला जमणार न्हाई. बराबर?"

कैलासनं लगेच 'बराबर' म्हटलं नाही. मजूर पाहिजेत म्हणणं वेगळं आणि त्यांची पोरं आपल्या पोरांशेजारी बसणं वेगळं. मावशीनं वाक्य पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर तो 'बराबर' म्हणाला.

सभा कुलूपबंद दारापुढच्या ओट्यावर भरली. सगळा गाव होता. विहारातली सतरंजी आणून अंथरली. गायरानातली चारही कुटुंबं कडेला बसली होती. ठरलं ते असं: फाटक नाही, पण गावाच्या तोंडाशी आडवा लोखंडी पाइप, अंधार पडला की खाली, उजाडलं की वर, राखण पाळीनं, आणि त्या पाळीत ही चार घरंसुद्धा. माणसं राहतील, पण गायरानात नाही, शाळेमागच्या पंचायतीच्या मोकळ्या जागेत. नळ मिळेल, लेकरं शाळेत बसतील. आणि प्रत्येक कुटुंबामागं गावातलं एक घर उभं राहील. काही झालं तर जबाब त्या घराला विचारायचा.

दत्तरावच्या बाजूची पोरं कुरकुरली, "फाटक म्हणून भांडलो आन् पाइप घेऊन चाललो!" कैलासची माणसं म्हणाली, "जबाबदार घर काहून? ते काय चोर हायेत?" दोन्हीकडचे पुढारी आपल्याच माणसांच्या शिव्या खात मान खाली घालून बसले होते. मावशी मला हळूच म्हणाली, "दोघं बी सारखंच तोंड पाडून बसलेत. वजन नीट झालं."

खरं सांगतो, माझी छाती फुगली. मोठमोठ्या राजधान्यांतलं सरकार अशाच कारणावरून ठप्प झाल्याचं मी मोबाइलवर वाचलं आहे. तिथं सुपात काय निवडून माणसं उठतात कुणास ठाऊक. आमच्याकडं माझी मावशी होती.

मग घरं उभी राहायची वेळ आली. एका कुटुंबामागं कैलास उभा राहिला. दुसऱ्यामागं आमच्या वस्तीतले मास्तर. तिसऱ्यामागं, कुणाला अपेक्षा नसताना, दत्तरावची म्हातारी आई उठली आणि लेकाकडं न बघता म्हणाली, "आमचं घर." पाणी वाहून वाहून तिचा खांदा धरला होता.

चौथं घर फुलवंतीचं. नवरा सोडून गेलेला. ती आणि तिची आंधळी सासू. दोघींत कामाचे हात दोनच. कुणी उठेना. फुलवंतीला मराठी फार कळत नव्हतं, पण शांतता कळली. तिनं सासूचा हात धरला आणि उठायला लागली.

"बस ग, बस," मावशी म्हणाली. "तिच्यामागं माझं घर."

दत्तराव अडखळला. त्याच्या मनात खोट नव्हती; त्याला सगळं नियमात लागतं. "तुमी सरपंच हाव, मावशी. उद्या लोक म्हणतील, सरपंचबाईनं आपलं माणूस घुसवलं. तुमचं तिचं नातं काय सांगू?"

मावशीनं फुलवंतीकडं बघितलं. हळदीनं पिवळे झालेले तिचे हात, सासूच्या मनगटाभोवती घट्ट धरलेले.

"लेक," मावशी म्हणाली. "सांग, लेक हाय."

मावशीला मूलबाळ झालं नाही. काका जाऊन बरीच वर्षं झाली. गावात कुणाकडं बारसं असलं की लोक तिला वाईट वाटेल म्हणून बोलवत नाहीत, आणि ती कधी विचारत नाही. तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

"बरं, मावशी," दत्तराव हलक्या आवाजात म्हणाला.

फुलवंतीनं माझ्याकडं वळून विचारलं, "भैया, क्या बोलीं?"

"बेटी बोलीं," मी म्हणालो.

ती सासूच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाली. म्हातारीनं दोन्ही हात जोडले, पण दिशा चुकली. ते दत्तरावकडं गेले. दत्तरावनंही हात जोडले.

मग दोन्ही किल्ल्या एकदम फिरल्या आणि दुपारी नळाला पाणी आलं.

संध्याकाळी मी मावशीकडं गेलो. म्हटलं, "मावशी, सगळं गाव तुझं नाव घेऊन राहिलंय." तिचं लक्ष नव्हतं. ती पेटीतून एक लुगडं काढत होती, उलगडून बघत होती, परत ठेवत होती.

"उद्या तिला जेवायला बोलावलंय," ती म्हणाली. "सासूला बी." मग पेटीचं झाकण हातात तसंच धरून, माझ्याकडं न बघता म्हणाली, "लेक पहिल्यांदा घरी आली तर काय काय करत्यात रे? तुझ्या मायनं तुझ्या बहिणीला काय केलतं? मला काईच म्हाईत न्हाई."

मी आईला फोन लावला. आई तिकडून सांगत गेली आणि मी मोठ्यानं म्हणत गेलो. दारातच पायावर पाणी घालायचं. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा. डोक्याला तेल लावायचं. निघताना साडी-चोळी, आणि रिकामी पाठवायची नाही, काहीतरी बांधून द्यायचं.

मावशी बोटांवर एकेक मोजत होती. मधेच तिनं माझा हात धरला.

"हळू सांग," ती म्हणाली. "एक बी सुटाया नको."