टिक दिसली

कोणताही निर्णय चुकू नये याची सर्वांत खात्रीशीर रीत म्हणजे तो न घेणे. जगातल्या मोठमोठ्या संस्था याच पायावर उभ्या आहेत. सिडनीच्या कॅसल हिलमधल्या शैलेंद्र खांबेटे यांच्या घरी स्थापन झालेली 'खारी संरक्षण समिती' ही त्यांतलीच एक, आकाराने लहान पण तत्त्वाला पक्की. प्रस्तुत लेखक तिचा चिटणीस असल्यामुळे पुढील हकीकत पूर्णपणे निःपक्षपाती समजावी.

खारी ही कुत्री. कॅव्हूडल जातीची, रंगाने खारी बिस्किटासारखी, म्हणून खारी. शैलेंद्रची बायको नीलिमा हिने पूर्वी 'घरात कुत्रा आला तर मी घराबाहेर जाईन' असं जाहीर केलं होतं. हल्ली ती रोज सकाळी खारीला घेऊन घराबाहेर जाते. त्यांची मुलगी मैथिली सिलेक्टिव्ह, म्हणजे निवडक हुशार मुलांच्या सरकारी शाळेच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करते आणि मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. खारीशी मात्र ती मराठीत बोलते (खारी इंग्रजीत उत्तर देत नाही, हे कारण असावं).

सप्टेंबरात नीलिमा खारीला लसीसाठी घेऊन गेली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ऐकवलं की या बाजूच्या झाडीत पॅरालिसिस टिक, म्हणजे रक्त पिऊन लकवा आणणारी कीड, असते. लहान कुत्र्याला एक चिकटली तरी पुरते. आधी मागचे पाय जातात, मग श्वास. उपाय सोपा होता. वजनाप्रमाणे चघळायची एक गोळी, ती वेळच्या वेळी द्यायची, आणि शिवाय रोज अंगावरून बोटं फिरवून तपासायचं. नीलिमाने गोळी घ्यायला हात पुढे केला होता. तेवढ्यात शैलेंद्रचा फोन आला आणि तो म्हणाला, "थांब, एकदा बघू तरी काय काय ऑप्शन्स आहेत."

शैलेंद्र हा विचारी माणूस आहे. व्हॅक्यूम क्लीनर कुठला घ्यावा याचा अभ्यास तो तीन वर्षं करतो आहे आणि तोवर पूर्ण समाधानाने केरसुणी वापरतो. अशा माणसाच्या हातून कुत्रीचं औषध घाईत घेतलं जाणं शक्यच नव्हतं. त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला.

सभासद निवडताना योग्यतेचाच निकष लावला होता. तज्ज्ञ म्हणून मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनाहून विश्राम आला. ही टिक त्या बाजूला सहसा सापडत नाही, त्यामुळे त्याच्या मतांत अनुभवाची भेसळ नव्हती. निसर्गोपचाराचं खातं टूनगॅबीच्या चित्रलेखाकडे गेलं. तिच्याकडे कुत्रा नाही, पण कढीपत्त्याचं झाड आहे आणि ते सिडनीच्या तीन हिवाळ्यांतून जगलं आहे. एवढ्या पुण्याईवर माणसाला वनस्पतींबद्दल काहीही बोलता येतं. परंपरा हा विषय शैलेंद्रच्या आईंनी कोथरूडहून सांभाळला. नीलिमा खारीला फिरवते, भरवते, न्हाऊ घालते आणि तिच्या मागे पिशवी घेऊन चालते, म्हणून सौजन्य म्हणून तिलाही एक मत देण्यात आलं.

पहिला ठराव भाषेचा झाला. आईंनी पहिल्याच मेसेजमध्ये 'गोचीड' असा शब्द वापरला होता. त्यावर अध्यक्षांनी, म्हणजे शैलेंद्रने, सौम्य शब्दांत हरकत घेतली. गोचीड म्हशीला होते. कॅव्हूडलला, तेही कॅसल हिलसारख्या ठिकाणी, टिक होते. सबब यापुढे समितीच्या कामकाजात 'टिक' हाच शब्द वापरावा, असं सर्वानुमते ठरलं. (आईंचं मत विरोधात होतं, पण त्या वेळी पुण्यात पहाट होती.)

दुसरा ठराव कार्यपद्धतीचा. अध्यक्षांनी एकोणीस रकान्यांचा तक्ता पाठवला होता आणि तो कोणी उघडल्याची चिन्हं नव्हती. म्हणून असा नियम झाला की मेसेज सगळ्यांनी वाचल्याची निळी टिक दिसली, की पाठवणाऱ्याने 'टिक दिसली' असं लिहून प्रमाणित करावं आणि इतरांनी 'नोंद घेतली' म्हणावं. म्हणजे मागाहून कोणी 'मला माहीतच नव्हतं' म्हणून हात झटकायला नको. हा नियम प्रस्तुत लेखकाने सुचवला होता, हे केवळ नोंदीसाठी.

मग मुख्य विषयाला हात घातला गेला. चित्रलेखाने लसूण, भीमसेनी कापूर आणि टी-ट्री तेल असा त्रिसूत्री उपाय मांडला. नीलिमाने डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर तिन्ही गोष्टी कुत्र्याला विषारी निघाल्या. टिकलाही विषारीच असणार, असं चित्रलेखाचं म्हणणं पडलं, आणि तर्कात खोट काढता येईना. विश्रामने मोठ्या कुत्र्याची गोळी आणून तिचे चार तुकडे करावेत असं सुचवलं. आपल्या सगळ्यांचं बालपण मोठ्यांच्या अर्ध्या गोळीवर गेलं आहे आणि कोणाचं काही वाईट झालेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी त्यालाही नकार दिला. औषध गोळीत सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच असं नाही, असं त्या म्हणाल्या. समितीला त्यांच्या स्वभावात थोडा नकारात्मकपणा जाणवू लागला तो तेव्हापासून.

पुढे वजनावर घोडं अडलं. गोळ्यांचा एक गट पाच किलोंपर्यंत, दुसरा त्यापुढचा. दवाखान्यात काटा होता, पण घरात काटा असताना दवाखान्यात कशाला जायचं? भारतात जाताना बॅगा ज्याला अडकवून तोलतो, तो हाताचा काटा शैलेंद्रने काढला. खारीला किराण्याच्या पिशवीत बसवून, पट्टे काट्याला लावून उचललं. काटा पाचाच्या थोडा वर गेला. आता बॅग लिमिटच्या वर गेली की आपला माणूस काय करतो? खारीचा पट्टा काढला. तिच्या तोंडातला बॉल काढला. मैथिलीने तिची नखं कापली. शेवटी काटा पाचाच्या खाली आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग विश्रामने शंका काढली की अशा रीतीने मिळालेलं वजन हे खारीचं की हँड बॅगेजचं. तो मुद्दा आजही खुला आहे.

दरम्यान पितृपक्ष लागला, आणि त्यात नवीन काही सुरू करू नये असं आईंनी कळवलं. तो संपतो तोच नीलिमाने गोळीच्या खोक्याचा फोटो ग्रुपवर टाकला. त्यावर एक लहानसा शब्द होता, तो सगळ्यांत आधी चित्रलेखाने वाचला. बीफ. गोळीला बीफची चव होती.

अशा प्रसंगी समितीचा खरा कस लागतो. आईंनी एवढंच विचारलं की नवरात्रात, देवघराच्या समोर? शैलेंद्रने चव आणि पदार्थ यांतला फरक समजावून सांगितला. भांड्यांच्या साबणाला लिंबाचा वास असतो म्हणून कोणी त्याचं सरबत करत नाही. आईंचा प्रश्न असा होता की मग खारी ती खाते कशाला. (शेजारच्या बार्बेक्यूखाली खारी दर शनिवारी सॉसेज खाते हे ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे. शैलेंद्र काय खातो तेही माहीत आहे. पण दोन्ही बाबी विषयपत्रिकेवर नव्हत्या.)

तडजोड म्हणून मानेवर सोडायच्या थेंबांचा विचार झाला. पण थेंब सोडल्यावर काही दिवस आंघोळ घालायची नसते आणि दिवाळी तोंडावर आलेली. नरक चतुर्दशीला खारीला तेल-उटणं लावून न्हाऊ घालायची घरची पद्धत आहे, ती पद्धत दोनच वर्षांची असली म्हणून काय झालं. गळ्यात घालायचा औषधी पट्टा घ्यावा, तर मैथिली खारीच्या गळ्यात पडून झोपते. सबब औषधाचा विषय दिवाळीनंतर घ्यावा, असा ठराव झाला. टिकांना तो कळवण्याची व्यवस्था नव्हती.

नीलिमा या सगळ्या काळात फारसं बोलली नाही. रोज संध्याकाळी ती ओट्याशेजारी खाली बसायची आणि खारीच्या कानामागे, पंजांत, पोटाखाली बोटं फिरवायची. तिला भीती वाटत होती आणि तिने तसं एकदा ग्रुपवर लिहिलंही होतं. त्यावर सगळ्यांनी नोंद घेतली.

भाऊबीज झाली. त्या रविवारी सकाळी नीलिमाने लिहिलं, 'आज तरी ठरवा. मी दुपारी गोळी आणणार आहे.' मग मायलेकी खारीला घेऊन घरामागच्या झाडीत फिरून आल्या. शैलेंद्र गाडी घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेला होता. तिथे दारातच देणगीसाठी सॉसेज भाजत होते आणि तो त्या रांगेत उभा होता (विषयपत्रिकेवर नाही).

आंघोळ आणि फराळाच्या पाहुण्यांच्या गडबडीत आदले दोन दिवस तपासणी राहून गेली होती. पायरी चढताना खारीचे मागचे पाय घसरले. परत चढली, परत घसरली. भुंकायला गेली तर आवाज बसल्यासारखा निघाला. नीलिमाने कानामागची लव बाजूला केली. तिथे ती होती, वाटाण्याएवढी फुगलेली.

तिने शैलेंद्रला फोन लावला. तो ग्रुपवर तक्त्याचा विसावा रकाना समजावून सांगत असल्यामुळे त्याने फोन कट केला. तेव्हा एका हाताने खारीला धरून तिने ग्रुपवर लिहिलं, 'टिक दिसली.'

समितीच्या इतिहासात एवढा तत्पर प्रतिसाद कुठल्याही मेसेजला मिळालेला नाही. विश्रामने लगेच 'नोंद घेतली' म्हटलं. नीलिमा अखेर कार्यपद्धती पाळू लागली, याबद्दल चित्रलेखाने तिचं कौतुक केलं. आईंनी हात जोडले. प्रस्तुत लेखकाने इतिवृत्तात नोंद केली की सकाळचा मेसेज सर्वांनी वाचल्याचं प्रमाणित झालं. अध्यक्षांनी अंगठा दाखवला.

नीलिमाने पुन्हा लिहिलं, 'अरे, टिक!' विश्राम म्हणाला, एकदा लिहिलं तरी पुरे.

त्यानंतर ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज आला. तो मैथिलीचा होता. "Baba, not that tick. खारीला गोचीड चिकटलीय. गोचीड! Come home, now."

हा शब्द तिच्याकडे कुठून आला, याची चौकशी झाली. आई सिडनीत राहायला आल्या होत्या तेव्हा मैथिली त्यांचा पदर सोडत नसे, आणि त्या तिला लाडाने 'गोचीड' म्हणत. पाचशे इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करणाऱ्या त्या मुलीपाशी ऐन वेळी तेवढा एक शब्द होता. तो मात्र सगळ्यांना पहिल्या झटक्यात कळला. शैलेंद्रने सॉसेज, रांग आणि नवीन विकत घेतलेली शिडी सोडून गाडी काढली. रस्ताभर तो खारीचं नाव घेत होता, असं तोच सांगतो. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की हिला कुठलं औषध चालू आहे. तो म्हणाला, "We are in the process, mate." खारीला आत नेलं आणि दार बंद झालं.

त्याच संध्याकाळी समितीची तातडीची बैठक झाली. 'टिक' शब्द रद्द करून 'गोचीड' पुन्हा बहाल करण्यात आला. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणेलाही यापुढे गोचीड म्हणावं का, यावर विश्राम आणि अध्यक्ष यांच्यात अभ्यासपूर्ण चर्चा झाली. मग बीफचा प्रश्न निघाला. औषध म्हणून चालेल, असं आईंनी मोठ्या मनाने मान्य केलं, पण खारीने ते आवडीने खाऊ नये. त्यानुसार 'खारीने गोळी नाइलाजाने खावी' असा ठराव मंजूर झाला. ती नाइलाजाने खाल्ली की आवडीने, हे कोणी ठरवायचं, यासाठी उपसमिती नेमावी लागेल. चव झाकण्यासाठी गोळी कढीपत्त्यात गुंडाळावी, अशी चित्रलेखाची दुरुस्ती आहे. शैलेंद्रने दोन्ही पर्यायांचा तक्ता करायला घेतला आहे. चर्चा अशी रंगात आलेली असताना पडद्यावर एक ओळ उमटली, की नीलिमा ग्रुपमधून बाहेर पडली. कारण दिलेलं नाही.

खारी कशी आहे, असं त्या संध्याकाळी ग्रुपवर कोणीही विचारलं नाही. (बरी आहे. तीन दिवस दवाखान्यात होती. निघताना नर्सने तिला काट्यावर उभं केलं, वजन क्षणात कळलं, आणि नीलिमाने पुढे केलेली गोळी तिने शेपटी हलवत, अत्यंत आवडीने खाल्ली.) दवाखान्याचं दार बंद झाल्यावर तुम्हीही विचारलं नाहीत. तुम्ही गोळी कढीपत्त्यात गुंडाळलेली बरी की नुसती, एवढ्यातच होतात. समितीत एक जागा रिकामी झाली आहे. तुमचं नाव घातलं आहे, नोंद घ्यावी.