बिरिबो काकांचा खोका

सगळ्या टारावा बेटावर 'नाही' म्हणता येणारा पहिला माणूस मी! खोटं वाटत असेल तर माझ्याकडे प्रमाणपत्र आहे. आमच्या मत्स्य खात्याने मला सहा दिवस परदेशात, सुवाला पाठवलं होतं. विषय होता, ठामपणे नकार कसा द्यावा. ताठ उभं राहायचं, खोल श्वास घ्यायचा, समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालायचे आणि म्हणायचं, 'नाही.' परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी माझं पेन मागितलं आणि मी दिलं नाही. (मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून सकाळी विमानतळावर गाठून त्यांना देऊन टाकलं. पण तो काही परीक्षेचा भाग नव्हता!)

परदेशी माणसाला 'नाही' म्हणणं सोपं असतं हो. आमच्या एइता गावात बुबुती आहे. नात्यातल्या, गावातल्या माणसाने एखादी वस्तू तोंडाने मागितली, की ती द्यायची. का, कशाला, परत कधी, काही विचारायचं नाही. नाही म्हणणाऱ्याच्या नातवंडांनाही लोक 'त्या कंजुषाची नातवंडं' म्हणून ओळखतात.

आजोबांच्या काळी हे ठीक होतं. प्रत्येकाकडे एक होडी, चार चटया आणि नारळाची झाडं. आज तुम्ही माझी होडी न्या, उद्या मी तुमची नेतो. मग आम्ही सरकारी पगारदार उगवलो! आता मागण्यासारखं सगळं आमच्या घरात आणि मागणारे सगळे दाराबाहेर. दोन वर्षांत माझा पंखा गेला, तीन शर्ट गेले, पायातले बूट तर पायातूनच गेले. मोटारसायकल तेवढी टिकली होती. ती बंद पडलीय असं मी गावभर सांगायचो, आणि रोज सकाळी वळणापर्यंत ढकलत नेऊन मग चालू करायचो.

पण या खेपेला प्रश्न मोटारसायकलचा नव्हता. माझ्या बायकोने, रोतियाने, दोन वर्षं लोकांचे कपडे शिवून एक मोठा आडवा फ्रीझर मागवला होता. दुपारी होड्या परत येईपर्यंत कोळ्यांचे निम्मे मासे उन्हाने नासतात. रोतियाला बर्फ विकायचा होता. झोपेतसुद्धा ती बर्फाबद्दल बोलायची.

"टेकाई," ती मला म्हणाली, "हा फ्रीझर कुणी मागून नेला ना, तर मी माहेरी मैयानाला निघून जाईन. आणि जाताना तुझं प्रमाणपत्र नेईन. बुबुती!"

मी हसलो. प्रशिक्षित माणूस होतो मी! योजना साधी होती. रविवारी सगळं गाव चर्चमध्ये असताना फ्रीझर घरात आणायचा, तोही लग्नातल्या चांगल्या चटयांत गुंडाळून. कुणी पाहिलंच तर सांगायचं, हा आमचा नाही, दुसऱ्याचा आहे. दुसऱ्याची वस्तू कोण मागणार?

ठरल्याप्रमाणे ट्रकवाल्याच्या चार गड्यांनी ते धूड खांद्यावर घेतलं. उंबरा दिसावा म्हणून मी मान खाली घालून मागून चाललो होतो. दारात एक कोपरा रोतियाच्या अंगठ्यावर आदळला आणि तिने असा हंबरडा फोडला की कोंबड्या झाडावर चढल्या.

गुडघेदुखीमुळे चर्चला न गेलेल्या शेजारच्या कातारिना काकू आपल्या मचाणावरून हे सगळं बघत होत्या.

"काय रे हे, टेकाई?"

"बिरिबो काकांचा खोका, काकू. मंगळवारच्या बोटीने त्यांच्या बेटावर, आबायांगला पाठवायचाय. तोवर इथे."

काकूंनी छातीवर हात ठेवला. "अरे देवा! गेल्याच महिन्यात गुडघा दाखवायला आले होते ना दवाखान्यात?"

"हो, अजून इथेच आहेत, लेकीकडे," असं मी म्हणणार होतो. पण आतून रोतिया ओरडली, "टेकाई, लवकर ये, माझ्याने हे बघवत नाही!" ती अंगठ्याबद्दल बोलत होती. मी आत धावलो.

अंगठा बांधला. फ्रीझर चालतो का ते बघायला प्लग लावला, आत पाण्याच्या बारा बाटल्या ठेवल्या. टेबल वाटावं म्हणून रोतियाने त्यावर पांढरी चादर टाकली आणि मधोमध फुलांचा हार ठेवला. मी तिला म्हणालो, "बघ! आता सैतान आला तरी ओळखणार नाही."

सैतान नाही आला. तासाभराने सगळं गाव आलं!

पुढे टियाओन आजोबा, आमच्या गावसभेतले सगळ्यांत वयस्कर. मागे फादर, गायकमंडळी, बाया, बापे. एकेक जण आत येऊन चादरीपुढे डोकं टेकवी आणि भिंतीकडेला मांडी घालून बसे. बाहेर कुणीतरी तीन बांधलेली डुकरं आणून टाकली. मला वाटलं, फ्रीझरचा सत्कार चाललाय!

आजोबांनी माझा हात धरला. "तुझे काका म्हणजे मोठा माणूस होता रे."

होता? मी रोतियाकडे पाहिलं, रोतियाने चादरीकडे पाहिलं, आणि आम्हा दोघांना एकदमच सगळं कळलं.

"सांगून टाक," ती पुटपुटली.

काय सांगू? की तुम्ही मागाल म्हणून आम्ही वस्तू लपवली? आमच्याकडे चोराला माफी मिळते, लपवणाऱ्याला नाही. आणि सांगितलं की पुढच्या मिनिटाला कुणीतरी फ्रीझर मागणार! मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं.

आणि मग ते आणू लागले. कातारिना काकूंनी दुखऱ्या गुडघ्यांनी रांगत येऊन नवी चटई पसरली. तिच्या विणकामात काकूंचं अख्खं वर्ष गेलेलं मी रोज बघितलं होतं. ज्याने माझा पंखा नेला होता त्याने तांदळाचं अख्खं पोतं आणलं. बूट नेणारा माझेच बूट घालून आला आणि आठवड्याची सगळी मासळी ठेवून गेला. आम्ही कुणाकडे काही मागितलं नव्हतं. दोन वर्षं मी घरातून काय काय गेलं तेवढंच बोटांवर मोजत बसलो होतो. हे लोक असं देतात हे मला कधी दिसलंच नव्हतं. खरं सांगतो, अंगावर काटा आला माझ्या. लाजेने की आणखी कशाने, देव जाणे.

गायकमंडळींनी म्हटलेलं गाणं संपलं. आणि चादरीखालून आवाज आला... घर्रर्रर्र!

कातारिना काकू ताठ बसल्या. "बिरिबो भावजी असेच घोरायचे!"

"गप्प बस, बाई," टियाओन आजोबा म्हणाले. पण त्यांचाही चेहरा उतरला होता. ते उठले, चादरीखाली हात घातला आणि खोक्याच्या अंगाला लावला. आडव्या फ्रीझरच्या बाजू चालू असताना तापतात, हे मला ठाऊक होतं. आजोबांना नव्हतं.

"गरम आहे!" आजोबा ओरडले. "अंग गरम आहे! जिवंत आहे बिरिबो!"

सगळं घर गुडघ्यांवर! फादरांनी आकाशाकडे हात उभारले, बाया रडू लागल्या. एवढी श्रद्धा मी माझ्या आयुष्यात पाहिली नव्हती. एका क्षणी मलाही वाटलं, की आत खरंच काका असतील.

एवढ्यात दारातून आक्रोश ऐकू आला. "माझा टेकाई गेला रे! माझा पोरगा गेला!"

दारात बिरिबो काका! बेटाच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी ऐकलं होतं की टेकाईच्या घरी मयत झालंय. मयत कुणाचं ते कुणी सांगितलं नव्हतं. ते छाती बडवत आत आले, समोर मी दिसलो आणि ते मटकन खाली बसले. त्यांना बघून निम्मं गाव किंचाळलं. फादर तीन पावलं मागे सरकले.

"मग आत कोण आहे?" आजोबांनी विचारलं, आणि झाकण उघडलं.

आतून पांढरी गार वाफ वर आली. ती जरा विरली, तर खाली पाण्याच्या बारा बाटल्या ओळीने शांत निजलेल्या.

मग बिरिबो काकांनी एक बाटली काढून गालाला लावली, डोळे मिटले, आणि ज्याची मला भीती होती ते वाक्य म्हणाले, "टेकाई, हा फ्रीझर मला दे."

रोतियाचा चेहरा पांढराफटक. अख्खं गाव माझ्याकडे बघतंय. मी ताठ उभा राहिलो. खोल श्वास घेतला. काकांच्या डोळ्यांत डोळे घातले. त्या डोळ्यांत अजून माझ्यासाठी आलेलं पाणी होतं. माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

"काका," रोतिया शांतपणे म्हणाली, "फार उशीर केलात. कातारिना काकूंनी सकाळीच मागितला. गावातल्या बायकांच्या मंडळासाठी. हो ना, काकू?"

कातारिना काकूंनी डोळ्याची पापणीही हलवली नाही. "मागितला तर! मंडळाचा बर्फ. राहणार मात्र इथेच, सभेच्या घरात वीज कुठाय? आणि सांभाळणार रोतिया. माझ्याने गुडघ्यांमुळे होत नाही."

"कोळ्यांना बर्फ मिळेल?" मागून कुणीतरी विचारलं.

"उद्या दुपारपासून," रोतिया म्हणाली. "आणि ही डुकरं आता भाजायला घ्या. काका जिवंत आहेत, जेवायला नको?"

मी तोंडाचा आ वासून बघत राहिलो. 'नाही' न म्हणता नाही, आणि फ्रीझर तिथल्या तिथेच! सुवात हे कुणी शिकवलं नाही हो. मला तर तिच्या पाया पडावंसं वाटलं.

काका उठले. अंगणात मोटारसायकल दिसली. "बरं, मग ती तरी दे."

मी ताठ उभा राहिलो. खोल श्वास घेतला. डोळ्यांत डोळे घातले. आणि ठामपणे म्हणालो, "काका, टाकी भरून देऊ?"

आता मी ऑफिसला चालत जातो. साहेबांनी सांगितलंय की पुढच्या आठवड्यात नकार कसा द्यावा याचे धडे मीच सगळ्या कर्मचाऱ्यांना द्यायचे. देईन की! फक्त सुवाच्या टिपणांची वही मिळायला हवी. शेजारच्या टेबलावरच्याने मागितली होती.