पाणंदीपुरता लॉक

गाडी घ्यायची हे ठरून वर्ष होत आलं होतं. रंग ठरला होता, सीटकव्हरं ठरली होती, पुढच्या काचेपाशी कोणता गणपती चिकटवायचा हेही ठरलं होतं. फक्त डिफरन्शियल लॉक असलेली घ्यायची की नसलेली, एवढंच ठरायचं होतं, आणि तेवढ्यासाठी गुरुप्रसादनं गाडी घेतली नव्हती.

तसा दोष त्याचाही नव्हता. बंगळुरातल्या एका सरकारी संशोधन संस्थेत तो यंत्रांच्या चाचण्या घ्यायचा. तिथं साधा पंखा घ्यायचा तरी समिती बसते. समितीत मतभेद होतात, ते मिटवायला दुसरी समिती बसते, आणि तोवर उन्हाळा संपतो. अशा ठिकाणी केस पिकलेला माणूस शोरूममध्ये जाऊन "ही द्या" म्हणेल, ही अपेक्षाच चुकीची.

"पण हा लॉक म्हणजे आहे तरी काय?" शिवलीलानं, त्याच्या बायकोनं, एकदा भाकरी थापता थापता विचारलं होतं.

"सोपं आहे. एक चाक चिखलात रुतलं की इंजिनाची ताकद त्याच चाकाकडं जाते. ते जागच्या जागी गरगर फिरत बसतं, आणि कोरड्यातलं दुसरं चाक नुसतं बघत उभं राहतं. लॉक लावला की दोघांना बरोबरीनं फिरावंच लागतं."

"म्हणजे आपलं घरच की," शिवलीला म्हणाली. "एक गरगर फिरतंय, दुसरं बघत उभं आहे. घ्या तो लॉक. घरात बसवायला पण मिळतो का विचारा."

हे सगळं सुरू झालं ते मागच्या गणपतीत. शिवलीलाचं माहेर निपाणीजवळ, मळ्यात. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत पाणंद, आणि पावसाळ्यात त्या पाणंदीतली काळी माती माणसाची चप्पलसुद्धा सोडत नाही. गुरुप्रसादची छोटी गाडी पाणंदीच्या तोंडाशीच रुतली. मग सासरे मल्लाप्पा ट्रॅक्टर घेऊन आले. मागं ट्रॉली, ट्रॉलीत गादी, गादीवर फुलाफुलांची चादर आणि चारी कोपऱ्यांना आंब्याचे डहाळे. मल्लाप्पा नवा फेटा बांधून इतक्या सावकाश चालवत होते की मागून आलेली बैलगाडी त्यांना मागं टाकून गेली. चिखलामुळं असेल, असं गुरुप्रसादला वाटलं.

इरकल नेसून, एका हातानं डहाळा धरून, शिवलीला सगळ्या गावासमोरून हिंदकळत माहेरी पोचली. शाळेतल्या मैत्रिणी बांधावर येऊन हात हलवत होत्या.

"बाजाराला निघालेल्या कोबीच्या गड्ड्यासारखी दिसत होते मी," ती परतीच्या वाटेवर म्हणाली. "पुढच्या गणपतीला आपल्या गाडीतनं अप्पांच्या दारात उतरणार. नाहीतर मी बसनं जाते आणि तुम्ही इथं पुरणाचे कडबू विकतचे खा."

विकतचे कडबू! तिथूनच गुरुप्रसादचा गाडीचा विचार सुरू झाला. आता पुढचा गणपती अगदी तोंडावर आला होता.

शेवटी त्यानं सवयीचा मार्ग धरला. बघितल्याशिवाय निर्णय नाही, आणि चाचणीशिवाय बघणं नाही. ऑफिसातल्या नागराजकडं लॉक असलेली जीप होती. शनिवारी संध्याकाळी नागराज ती आणून बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये लावून गेला.

"मागच्या मैदानात पाइप टाकायला खणलंय, तिथं झकास चिखल आहे," किल्ली देताना तो म्हणाला. "घाला बिनधास्त. पण स्वल्प जपून हां, सर."

रविवारी सकाळी गुरुप्रसाद ऑफिसला जाताना घालतो ते बूट घालून तळघरात उतरला. ही बिल्डिंग त्याच्या संस्थेतल्या लोकांनीच सोसायटी करून बांधलेली, बोम्मसंद्र्याच्या अलीकडं. तिच्यात राहणाऱ्यांपैकी निम्मे इंजिनिअर आणि उरलेले निवृत्त इंजिनिअर. तळघरातून वर यायला एकच चढण, आणि ती वळणाची. नकाशा काढताना त्या वळणावरून म्हणे तीन बैठका झाल्या होत्या.

कोणतीही चाचणी आधी उभ्या यंत्रावर घ्यायची, मग चालत्या, हा त्याचा आयुष्याचा नियम. त्यानं जीप सुरू केली आणि लॉकचं बटण दाबलं. समोरचा केशरी दिवा लुकलुकायला लागला. लुकलुकत राहिला, पण ठाम काही लागेना.

"नापास," गुरुप्रसाद स्वतःशी म्हणाला.

दुसऱ्या कुणी बटण बंद करून टाकलं असतं. पण चाचणी चालू असताना मधेच बटणाला हात लावला तर निष्कर्ष बिघडतो, हे त्यानं कनिष्ठांना आयुष्यभर शिकवलेलं. बटण तसंच ठेवून तो निघाला. लुकलुकणारा दिवा म्हणजे लॉक लागायच्या तयारीत आहे, चाकं जरा फिरण्याची वाट बघतोय, हे जीपला माहीत होतं. तिनं तसं सांगितलंही, पण दिव्याच्या भाषेत.

चढणीच्या वळणावर 'खट्' झालं आणि दिवा ठाम पेटला.

गाडी वळताना आतलं चाक कमी फिरतं, बाहेरचं जास्त. लॉकनं दोघांना बरोबरीनं फिरायला लावलं, आणि मग जीप वळायलाच तयार होईना. टायर किंचाळले. गुरुप्रसादनं स्टिअरिंग पिळलं तसतशी ती अधिकच हट्टानं सरळ निघाली आणि बाहेरच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर कशीबशी थांबली. त्यानं घाईघाईनं बटण बंद केलं. दिवा विझेना. चाकांवरचा ताण सुटल्याशिवाय लॉक सुटत नाही, आणि ताण सोडवायला गाडी जराशी मागं घ्यावी लागते. त्यानं आरशात पाहिलं. मागं जितेंद्रची गाडी अगदी चिकटून उभी होती.

"काका, व्हॉट हॅपन्ड?" जितेंद्र काच खाली करून ओरडला. तो पुण्याचा, इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअरवाला. "बंद करून परत चालू करा ना. रिस्टार्ट!"

"ही गाडी आहे रे, तुझा लॅपटॉप नव्हे. लॉक अडकलाय. तू जरा मागं घे."

"घेतो, पण कारण काय ते कळलं का? म्हणजे मागं घेतल्यावर परत तेच झालं तर?"

प्रश्न रास्त होता. गुरुप्रसाद खाली उतरला आणि तिथंच घात झाला. जितेंद्रही उतरला. त्याच्यामागं आणखी दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या, त्यातलेही उतरले. टायरचा आवाज ऐकून निवृत्त मंडळी जिन्यानं खाली आली, त्यातले एक तर हातात चहाचा कप घेऊन. बघता बघता चढणीवर समिती भरली.

"गाडी हलवू नका!" चहावाले म्हणाले. "आधी कारण, मग उपाय. घाईनं हलवलीत तर कशानं झालं ते कधीच कळायचं नाही."

कुणीतरी मुलांच्या खेळातला खडू आणला. गुरुप्रसादनं भिंतीवर दोन चाकं आणि मधला दांडा काढला. दुसऱ्यानं त्यावर बाण काढले. तिसऱ्यानं बाण उलटे आहेत म्हणून पुसले. गाडी वीतभर मागं घेतली की लॉक सुटेल, यावर एव्हाना सगळ्यांचं एकमत झालं होतं. ती मागं घ्यायला जागा हवी, यावरही एकमत होतं. पण ज्यांनी आपापल्या गाड्या मागं घ्यायच्या ते सगळे भिंतीपाशी उभं राहून एकमेकांना हे पटवून देत होते. आणि खोटं कशाला बोला, गुरुप्रसादला मजाही यायला लागली होती. इतकी चांगली चर्चा ऑफिसात कित्येक वर्षांत झाली नव्हती.

एवढ्यात रांगेच्या शेवटून हॉर्न वाजला, आणि वाजतच राहिला. मग दार आपटून कमलाक्का पुढं आल्या. सोसायटीच्या सेक्रेटरी, तीन पिढ्यांपासून बंगळुरातल्या. डोक्यात गजरा, अंगावर भरजरी साडी.

"इल्लि, इथं काय चाललंय हे? शिवाजीनगरात माझ्या भाच्याचं लग्न आहे. मुहूर्त तोंडावर आलाय!"

"अक्का, पाच मिनिटं. लॉक का अडकला ते..."

"अण्णा, मुलगी मंडपात बसलीय आणि मंगळसूत्र माझ्या पर्समध्ये आहे!"

कुणीतरी हळूच खडू खाली ठेवला.

"कारण संध्याकाळी शोधा, मी स्वतः खडू आणून देते. आता सगळे मागं! तू आधी, जितेंद्र. चल!"

पर्स डोक्यावर उंच धरून कमलाक्का उभ्या राहिल्या. इंजिनिअर पळत आपापल्या गाडीत बसले. गाड्या सरसर मागं गेल्या, जीप वीतभर मागं घरंगळली, 'खट्' झालं आणि दिवा विझला. जीप मुकाट वळून वर गेली. तिच्यामागून जितेंद्र, आणि सगळ्यांना हॉर्न मारत कमलाक्का. त्या पोचल्या वेळेवर. संध्याकाळी बिल्डिंगभर लाडू वाटले, खडू काही आणला नाही.

दुपारी जीप न्यायला आलेला नागराज टायर बघून हळहळला. "चिखल कुठं दिसत नाही हो, सर. मैदानात गेलाच नाही?"

"गरजच पडली नाही," गुरुप्रसाद गंभीरपणे म्हणाला. "जो लॉक कोरड्या सिमेंटवर अख्खी बिल्डिंग थोपवून धरतो, तो चिखलात चालणारच. पास."

"बास झालं तुमचं पास-नापास," आतून कॉफी घेऊन आलेली शिवलीला म्हणाली. "लॉकवाली घ्यायची, आणि उद्याच बुक करायची. पण आपल्या तळघरात त्या बटणाला हात लावायचा नाही. माझी शपथ आहे."

वर्षभराचा प्रश्न अशा रीतीनं कॉफी थंड व्हायच्या आत सुटला. शिवलीलानं लगेच माहेरी फोन लावला.

"काय म्हणतंय बंगळूर?" मल्लाप्पांचा आवाज खणखणीत होता. "बरं झालं फोन केलीस ते. ट्रॉली रंगवून घेतलीय औंदा. किती वाजता आणू सांग."

"ट्रॉली नको, अप्पा! हे नवी गाडी घेतायत, चिखलात चालणारी. थेट दारात येतो आम्ही."

पलीकडं काहीच आवाज आला नाही.

"अप्पा? ऐकू येतंय?"

"येतंय की," मल्लाप्पा म्हणाले. "चांगलं झालं. थेट दारात... चांगलं झालं."

"मळ्यात रेंजच नसते," फोन ठेवत शिवलीला म्हणाली.

गणपतीच्या आदल्या दिवशी नवी गाडी पाणंदीच्या तोंडाशी पोचली. रात्रभर पाऊस झालेला, माती पुरणासारखी मऊ. आणि वळणावर, बांधाच्या कडेला, मल्लाप्पांचा ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉली निळीजर्द रंगवलेली. गादी, फुलाफुलांची चादर, चारी कोपऱ्यांना डहाळे. सीटवर मल्लाप्पा, डोक्याला नवा फेटा. "आपलं सहज आलो होतो, पावणं," ते लांबूनच ओरडले. "या तुम्ही, या गाडीतनं."

गुरुप्रसादनं गाडी पाणंदीत घातली. चार हात गेली आणि एक चाक रुतून गरगर फिरायला लागलं. तो मनातून हरखला. ज्या क्षणासाठी वर्ष घालवलं तो हाच! त्यानं बटणाकडं बोट नेलं.

शिवलीलानं त्याचा हात धरला. ती समोर बघत होती. मल्लाप्पा सीटवरून अर्धवट उठून मान उंच करून त्या चाकाकडं बघत होते, आणि लहान मुलाच्या चेहऱ्यावर असते तशी आशा त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हती. तिला एकदम भरून आलं. मागच्या वर्षी लेकीला गावासमोरून आणताना ते इतक्या सावकाश का चालवत होते, ते तिला आत्ता कळलं.

"लॉक आहे अगं," गुरुप्रसाद कुजबुजला. "आत्ता निघेल."

"शपथ घातलीय मी."

"ती तळघरापुरती होती!"

"आज पाणंदीची पण," ती म्हणाली, आणि इरकलचा पदर खोचत तिनं काच खाली केली. "अप्पा! या हो लवकर, ट्रॉली घेऊन या! अडकलोय आम्ही!"