शेंडगे सरांचा गुरुवार

गेल्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी भर दुपारी, पालघरजवळच्या एका खासगी विद्यापीठाच्या मैदानावर प्रा. मुरलीधर शेंडगे यांनी मंचुरियनच्या कढईखालचा गॅस बंद केला. कढईत तेल होतं, तेलात गोळे होते आणि स्टॉलसमोर विद्यार्थ्यांची रांग होती. स्टॉलवाल्याने विचारलं, "क्या हुआ साब?"

सर म्हणाले, "नकाशा काढा!"

मैदानावर आग्नेय आशिया सांस्कृतिक महोत्सव चालू होता. प्रवेशद्वारावर कागदी ड्रॅगन होता. व्यासपीठामागच्या फलकावर चीनची भिंत छापली होती. उद्घाटनाला मुलांनी कुंग फूची प्रात्यक्षिकं केली. प्रमुख पाहुणे बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतले एक कारखानदार होते. भाषणात त्यांनी जपानी माणसाच्या शिस्तीचं कौतुक केलं. आग्नेय आशियात अकरा देश आहेत. चीन आणि जपान त्यांत नाहीत.

शेंडगे सर त्या विद्यापीठातल्या आग्नेय आशिया अभ्यास केंद्राचे प्रमुख होते. केंद्रात दुसरं कोणी नव्हतं. महोत्सवाच्या समितीत सरांना घेतलेलं नव्हतं. कारण विचारलं तेव्हा समितीचे प्रमुख म्हणाले, "सर, तुम्ही चिडता."

हे खरं आहे. सर चिडतात. ते बोईसरला आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी दुसऱ्या. घराणं बार्शीकडचं, माळकरी. सरांच्या गळ्यात लहानपणापासून तुळशीची माळ आहे. एरवी ती शर्टाच्या आत असते. राग आला की सर शर्टाचं वरचं बटण काढतात, माळ बाहेर ओढतात, मुठीत धरतात आणि मग बोलतात. इमारतीतली माणसं त्यांचा चेहरा बघत नाहीत, बटण बघतात.

"नकाशा काढा" हे त्यांचं सर्वांसाठीचं वाक्य आहे. ते दूधवाल्याला, रिक्षावाल्याला आणि केशकर्तनालयातल्या माणसाला म्हणून झालेलं आहे. पहिल्या मजल्यावरचं कुटुंब सहलीला निघालं होतं. त्यांनी जिन्यात सहज सांगितलं, "बँकॉकला चाललोय, चायना साइडला." बॅगा रिक्षात चढवलेल्या होत्या. सरांनी त्यांना जिन्यातच थांबवून खिशातून घडीचा नकाशा काढला. कुटुंब सहलीला गेलं, पण विमानतळावर धावत गेलं. तेव्हापासून ते लोक कुठे जातात हे इमारतीत कोणाला सांगत नाहीत.

पाण्याची टाकी गळते म्हणून सोसायटीची बैठक होती. सर अंगकोरच्या तलावांवर बोलायला लागले. अध्यक्षांनी अडवलं, "सर, विषय आपल्या टाकीचा आहे."

"माझाही तोच आहे," सर म्हणाले. माळ बाहेर आली होती. "हजार वर्षांपूर्वी त्या लोकांनी समुद्राएवढे तलाव बांधले. तुम्हाला गच्चीवर एक टाकी बांधता येत नाही, आणि मला विषय शिकवता?"

टाकी अजून गळते. हे नोंदवणं भाग आहे, कारण त्या बैठकीत चूक कोणाची होती हे त्यावरून ठरतं.

लग्नाच्या पंगतीत 'थाई करी' अशी पाटी दिसली की सर वाढप्याची उलटतपासणी घेतात. तो पोरगा उमरोळीचा असतो, त्याला करीत काय घातलंय ते माहीत नसतं, आणि यजमान लांबून हात जोडत येतात. सरांना लग्नाची आमंत्रणं कमी झाली आहेत. त्यांच्या पत्नी होत्या तेव्हा त्या अशा वेळी त्यांच्या बाहीला हळूच धरत. त्या जाऊन काही वर्षं झाली.

तर मंचुरियन. गॅस बंद करण्याचं कारण मंचुरियन नव्हतं.

सरांच्या केंद्रात इंडोनेशियाची भाषा शिकवली जायची. वर्गात सुरुवातीला बरीच मुलं होती. नोकरी लागणार नाही हे कळल्यावर ती गळाली आणि एकच उरली, दातिवऱ्याच्या कोळीवाड्यातली जयश्री तांडेल. वडील बोटीवर, आई भारती सुकी मासळी विकते. जयश्रीने त्या भाषेचा असा पिच्छा पुरवला की सर तिच्यावर कधी चिडले नाहीत. आमच्या माहितीत अशी व्यक्ती दुसरी नाही.

जावा बेटावरच्या एका विद्यापीठात एका वर्षासाठी एक जागा होती. राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिकडून. निवड करायला तिकडच्या प्राध्यापक रत्ना आल्या होत्या. सर त्यांना 'इबू' म्हणत, म्हणजे आपल्याकडे 'बाई' म्हणतो तसं. त्यांना उमेदवाराचं काम बघायचं होतं. महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परतणार होत्या. जयश्रीचा विषय सुकी मासळी हा होता: दातिवऱ्यात जवळा कसा वाळवतात, जावाच्या किनाऱ्यावर तीच बारीक कोळंबी कुटून तिचा गोळा कसा करतात. महोत्सवात तिला एक स्टॉल मिळाला होता. तिथे ती हे सगळं मांडून दाखवणार होती.

त्या दिवशी सकाळी तिला फाटकावरून परत पाठवण्यात आलं. परिसरात सामिष पदार्थांना बंदी आहे, पाहुणे येणार आहेत, आणि वास येतो. जवळ्याची आणि सुक्या बोंबलाची पाटी घेऊन ती घरी गेली. सरांना हे दुपारी कळलं, तेही स्टॉलच्या रांगेत तिला शोधताना. तिच्या जागी मंचुरियन होतं.

मी वार्तांकनासाठी गेलो होतो. समितीचे प्रमुख आणि सर यांच्यातला संवाद माझ्यासमोर झाला.

"सर, नियम म्हणजे नियम. मासळीचा वास पाहुण्यांना चालेल का?"

"कोणत्या पाहुण्यांना? त्या बेटावरून आल्यात! नकाशा काढा! चहूकडून समुद्र आहे!"

"आणि तुम्ही स्वतः माळकरी. तुम्हाला तरी चालतो का तो वास?"

सरांच्या मुठीत माळ होती. ते म्हणाले, "मला अजिबात चालत नाही. मला उलटी येते. म्हणून तिचं वर्ष बुडवू?"

"पुढच्या वर्षी बघू ना सर."

"पुढच्या वर्षी तिचं लग्न झालेलं असेल. तुम्ही अक्षता टाकायला जाल."

आजूबाजूला विद्यार्थी जमले. कोणीतरी मोबाइल वर धरला. ध्वनिक्षेपकावर चिनी वाटणारं हिंदी गाणं लागलं. समितीचे प्रमुख म्हणाले, "आवाज खाली करा," आणि ते कोणाला उद्देशून होतं हे स्पष्ट झालं नाही.

सर व्यासपीठापाशी गेले. पहिल्या रांगेत इबू रत्ना शाल आणि नारळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सर त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. त्या उठल्या. नारळ त्यांनी कारखानदारांकडे धरायला दिला. सरांच्या जुन्या लहान मोटारीत पुढे त्या बसल्या, मागे मी. सफाळ्यावरून दातिवऱ्याला पोचेपर्यंत सर विद्यापीठाबद्दल बोलले. बरंचसं छापण्याजोगं नव्हतं. गाव जवळ आलं, मासळीचा वारा लागला. गाडी थांबवून त्यांनी माळ आत टाकली, वरचं बटण लावलं आणि नाकाला रुमाल धरला. "सर्दी आहे," असं ते मला म्हणाले.

किनाऱ्यावर बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते. खाली जाळ्यावर जवळा पसरला होता. जयश्री आईबरोबर तो उलटत होती. सकाळच्या चांगल्या साडीचा पदर तिने कमरेला खोचला होता. सरांना बघून ती उठली नाही. "सर, आता कशाला आलाव?" एवढंच म्हणाली.

इबू रत्ना चपला काढून तिच्या शेजारी उकिडव्या बसल्या. चिमूटभर जवळा तोंडात टाकून त्यांनी एक प्रश्न विचारला. जयश्रीने उत्तर दिलं. दुसरा विचारला. मग जयश्रीनेच त्यांना विचारायला सुरुवात केली. ऊन उतरेपर्यंत दोघी बोलत होत्या. अधूनमधून जवळ्यावर हात फिरत होता. सर वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे होते. रुमाल नाकावर होता. तिचं क्रियापद चुकलं की ते रुमालातून दुरुस्त करत.

भारती तांडेल माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. "घरात तोंड उघडत नाय ही," त्या म्हणाल्या. "मला वाटला मुकीच हाय."

मग त्यांनी सगळ्यांना जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, बोंबील, जवळ्याची चटणी. इबू रत्नांनी चटणी दोनदा मागून घेतली. सरांच्या पुढे ताट आलं. सगळे बघत होते. सर म्हणाले, "आज गुरुवार आहे."

हे वाक्य खोटं नव्हतं. त्या दिवशी गुरुवारच होता. ते फक्त अपुरं होतं.

"आगं बाय, सरांचा वार हाय!" भारती म्हणाल्या आणि त्यांनी ताट उचललं. सरांनी गूळ आणि भाकरी खाल्ली.

जयश्रीची निवड झाली. वडील आधी नाही म्हणाले. सर दातिवऱ्याला दोनदा जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. ऑगस्टमध्ये ती गेली.

विद्यापीठाने सरांना नोटीस दिली: परवानगीविना परदेशी पाहुण्यांना परिसराबाहेर नेलं, आणि उपाहाराच्या व्यवस्थेत अडथळा आणला. सरांनी उत्तरादाखल आशियाचा एक नकाशा पाठवला. जूनमध्ये त्यांचा करार संपला. तो वाढवण्यात आला नाही. केंद्र बंद झालं. त्या खोलीत आता महोत्सवाचं सामान ठेवतात. ड्रॅगन तिथेच आहे. विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत मात्र जयश्रीचा फोटो आहे आणि खाली लिहिलं आहे: 'परदेशी शिक्षणाच्या अमर्याद संधी'.

ती गेल्यापासून भारती सफाळ्याहून गाडीने बोईसरच्या बाजारात येतात आणि जाता जाता आमचे तीन मजले चढतात. बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी. गुरुवारी कधीच नाही. दर वेळी कागदात बांधलेले बोंबील किंवा जवळा. "सर, आज तुमचा वार नाय ना?" असं विचारून त्या पुडी ओट्यावर ठेवतात.

सर ती घेतात. त्या गेल्या की पुडी आमच्याकडे येते. सर ती लांब हाताने धरतात आणि रुमाल नाकाला असतो. आम्ही घरी नसलो तर पुडी त्यांच्या बाल्कनीत राहते. मग सोसायटीकडे तक्रार जाते. मागच्या बैठकीत वासाविरुद्ध ठराव मांडताना अध्यक्ष म्हणाले, "सर, तुमच्या घरातून सुकटीचा वास येतो. तुम्ही तर माळकरी."

वरचं बटण निघालं. "समुद्र किती लांब आहे इथून? नकाशा काढा! वास नको तर बार्शीला जाऊन राहा!"

अध्यक्षांनी ठराव मागे घेतला. आपण ते खात नाही, हे सरांनी बैठकीत सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात भारती आल्या तेव्हा मी वर होतो. सरांनी चहा टाकला. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता. तो कायम तसाच असतो. पंख्याने कडा उडत होती म्हणून भारतींनी बोंबलाची पुडी तिच्यावर ठेवली.

"पोरगी कुठं हाय ते परत दाखवा."

सरांनी बोट ठेवलं.

"जेवते ना ती?"

"जेवते. तुमच्यासारखी चटणी करून सगळ्यांना घालते, असं म्हणाली."

"आमचं पाणी जातं का तिकडं?"

सरांनी बोट दातिवऱ्यावर नेलं, तिथून खाली केरळ, लंका, मग उजवीकडे नेत जावापर्यंत आणलं. "जातं," ते म्हणाले.

भारतींनी बराच वेळ तिथे बघितलं. मग विचारलं, "म्हंजे चीनजवलच ना?"

मी सरांच्या शर्टाच्या वरच्या बटणाकडे बघितलं.

"हो," सर म्हणाले. "त्याच बाजूला."

त्या गेल्यावर मी सरांना विचारलं की आपण मासळी खात नाही हे त्यांना सांगून का टाकत नाही. सर ताडकन उठले. माळ बाहेर आली.

"काय सांगू? तिची पोरगी मी समुद्रापार धाडली. आता तिची मासळीही नको म्हणू? तुम्ही पेपरवाले! तुम्हाला प्रत्येक गोष्ट छापून हवी असते!" आवाज जिन्यापर्यंत जात होता. "मला शिकवायला येतात! आधी नकाशा..."

बेल वाजली. भारती छत्री विसरल्या होत्या.

सरांनी माळ शर्टाच्या आत टाकली, वरचं बटण लावलं आणि दार उघडलं.