जॉनसनकाकांचा बाम

टोमॅटोची झाडं आजारी पडत नव्हती आणि त्या काळजीने एडविन लोपीस स्वतःच आजारी पडायच्या बेतात होता. झाडाला रोग लागला की इतर माणसांची झोप उडते, एडविनची तो लागला नाही की उडायची. दोहाच्या उत्तरेला वाळवंटात एक मोठा फार्म होता. तिथल्या ग्रीनहाऊसमध्ये झाडांना रोग लावणे याच कामाचा त्याला पगार मिळत असे.

काम दिसायला सोपं. रोगट पानांचा रस कापसाच्या बोळ्याने निरोगी पानांवर चोळायचा, की व्हायरस आत शिरतो आणि पानांवर पिवळे चट्टे उमटतात. त्याआधी अर्ध्या झाडांना फार्मच्या शास्त्रज्ञ डॉ. शोभा थोरात आपली नवी लस देत. लसवाली झाडं टिकली आणि बिनलसीची पडली, की प्रयोग यशस्वी. महिनाअखेरीला मुदीर, म्हणजे फार्मचा मोठा साहेब, हे सगळं डोळ्यांनी बघायला येणार होता. त्याला पटलं तर एडविनचं कॉन्ट्रॅक्ट वाढणार, फॅमिली व्हिसा मिळणार आणि वसईहून जेन आणि छोटी एलिशा येणार. नाही पटलं तर एडविननेच बॅग भरून वसई गाठायची. आणि इथे तर लसवाली काय, बिनलसीची काय, सगळीच झाडं लग्नाला निघाल्यासारखी टवटवीत उभी होती.

या सगळ्याची सुरुवात वासाने झाली होती.

नवी रोपं आत आणून ठेवली त्याच संध्याकाळी एडविनला तो आला. बाहेर धुळीचं वादळ सुटलेलं, प्लास्टिकचं छत फडफडत होतं, आत पंख्यांची एकसुरी घरघर. आणि त्या ओल्या, कोंदट हवेत पाठदुखीच्या बामाचा वास. झणझणीत, थंडगार. एडविन जागच्या जागी थिजला, कारण या ग्रीनहाऊसमध्ये बाम लावणारा माणूस एकच होता आणि तो मागच्या हिवाळ्यात वारला होता.

जॉनसनकाका एडविनच्या आधीचे टेक्निशियन, तेही वसईचेच. जन्माचे पाठदुखे. त्यांना झाडांची भारी माया. पानावर रस चोळण्याआधी प्रत्येक झाडाला वाकून म्हणायचे, "माफ कर गं बाय." त्यांच्या हाताखाली शिकताना एडविन तोंड फिरवून हसायचा. एका संध्याकाळी काम आटोपून काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकले ते उठलेच नाहीत. ती खुर्ची अजून तिथेच होती. तिच्यावर कोणी बसत नसे आणि ती हलवायलाही कोणी पुढे होत नसे.

पुढे रोज संध्याकाळी वास येऊ लागला. शेवटी एडविनने ड्रायव्हर पोपटरावांना आत बोलावलं. पोपटराव साताऱ्याकडचे, छाती काढून चालणारे. दारातच त्यांनी नाक वर केलं आणि छाती आत गेली.

"सायेब, ह्यो म्हाताऱ्याचा वास हाय."

"मलाही तेच वाटतंय. काय करायचं?"

"त्यास्नी झाडं आजारी पाडलेली आवडायची न्हाईत. जीव गुतलाय हितं. आमच्यात पितराला त्येच्या आवडीचं ठेवत्यात. तुमच्यात?"

"आमच्यात कबरीवर मेणबत्त्या लावतात."

"मेणबत्ती नगं! समदं पिलास्टिक हाय. म्हाताऱ्याच्या जोडीला आपुन बी जाऊ."

मग आवडीचं काय, यावर दोघांना फार विचार करावा लागला नाही. पोपटराव सनायाला, कामगारांच्या वस्तीतल्या दुकानात गेले आणि बामाची मोठी बाटली घेऊन आले. एडविनने क्रुसाची खूण केली, झाकण उघडलं आणि बाटली काकांच्या खुर्चीवर ठेवली. खुर्ची नेमकी पंख्याच्या तोंडाशी.

"काका, हवा तेवढा लावा पाठीला," तो हात जोडून म्हणाला, "पण झाडांना सोडा. जेनचा व्हिसा अडकलाय हो."

दोन-तीन दिवसांनी त्याने रस चोळला. रोज उठून पानं तपासली. एकाही पानावर डाग नाही. काकांचं समाधान झालेलं नाही, असं दोघांचं एकमत झालं. खुर्चीवर दुसरी बाटली आली, मग तिसरी. पोपटराव तर उत्साहाच्या भरात खुर्चीच्या पाठीलाच बाम फासून आले. एडविनने वसईहून आणलेलं आशीर्वादित पाणी चारी कोपऱ्यांत शिंपडलं. झाडं आणखीच तरारली.

रात्री फोनवर जेन म्हणाली, "एलिशाला रोज सांगते, पप्पा झाडांचे डॉक्टर आहेत."

एडविनने लगेच एलिशाच्या पासपोर्टचं विचारलं. झाडं ठणठणीत आहेत म्हणून रडू येतंय, हे बायकोला कसं सांगणार?

मग थोरात मॅडम आल्या. बाई राहुरीच्या शेती विद्यापीठात शिकलेल्या, बोलणं रोखठोक. दार उघडताच त्या शिंकल्या.

"इथं कोणाची पाठ दुखतेय?"

एडविनने मान खाली घातली. पोपटरावांनी गाडी पुसायची आठवण काढून पाय काढायचा प्रयत्न केला, पण मॅडमनी दोघांनाही खुर्चीपुढे उभं केलं आणि सगळं वदवून घेतलं. ऐकता ऐकता त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे गाढवांनो, बामात जे तेल असतं ना, तेच आजारी झाड हवेत सोडतं. शेजारची झाडं तो वास घेतात आणि रोग यायच्या आधीच सावध होतात. तुम्ही तर पंख्यापुढे बाटल्या उघडून सगळ्या ग्रीनहाऊसला दवंडी पिटलीत! आता कोण पडतंय आजारी?"

"म्हंजी म्हातारं न्हवतंच?" पोपटरावांची छाती पुन्हा बाहेर आली.

"कसलं म्हातारं! झाडांचाच वास तो."

एडविन चाचरत म्हणाला, "पण मॅडम, मला पहिल्यांदा वास आला तेव्हा रोपं नुकतीच आली होती. एकही झाड आजारी नव्हतं. बाम तर आम्ही नंतर आणला."

मॅडमनी खुर्चीखाली वाकून पाहिलं. "त्यांचा जुना ॲप्रन राहिला असेल कुठेतरी."

"ॲप्रन काकांच्या शवपेटीबरोबर वसईला गेला. मीच दिला होता."

मॅडमनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मुदीर यायला वेळ आहे अजून. सगळं फेकून द्या, धुऊन काढा, नवी रोपं आणा. हा शेवटचा चान्स, एडविन. नंतर मी काही करू शकणार नाही."

बाटल्या गेल्या. खुर्ची साबणाने घासली. पोपटरावांना आत यायची बंदी झाली. नवी रोपं आली, अर्ध्यांना लस मिळाली आणि ठरल्या दिवशी एडविन कापसाचा बोळा घेऊन पहिल्या झाडापुढे उभा राहिला. हात पुढे केला आणि वास आला. अगदी कानामागून, कोणी खांद्यावरून वाकून बघावं तसा.

एडविनच्या मानेवर काटा आला. मागे वळून बघायचं धैर्य त्याला झालं नाही. तोंडातून आपोआप शब्द निघाले, "माफ कर गं बाय."

वास विरला.

मग तो एकेका झाडापुढे वाकत गेला. माफी मागायची, रस चोळायचा, पुढे सरकायचं. आता त्याला हसू येत नव्हतं. शेवटच्या कोपऱ्यात, खुर्चीजवळच्या झाडापाशी मोबाईल वाजला.

"एलिशाचा पासपोर्ट आला!" जेन ओरडलीच. त्या आनंदात त्याने एका हाताने फोन धरून उरलेलं झाड चोळून टाकलं.

या वेळी झाडं आज्ञाधारकपणे आजारी पडली. लसवाल्यांची पानं हिरवीगार, बिनलसीच्यांवर पिवळे चट्टे. मुदीरने दोन्ही रांगा बघितल्या, "माशाल्ला" म्हणाला आणि कॉन्ट्रॅक्टवर सही केली. एडविनला मॅडमना मिठी मारावीशी वाटली. त्याने पोपटरावांना मारली.

पाहुणे गेल्यावर मॅडम रांगेच्या टोकाला थबकल्या.

"हे बिनलसीचं ना? मग याला काहीच कसं झालं नाही?"

एडविनने बघितलं. खुर्चीजवळचं झाड. फोन आला होता तेव्हाचं. या एकाच झाडाची माफी मागायची राहिली होती.

"घाईत रस नीट लागला नसेल, मॅडम."

"मग घे बोळा. चोळ परत माझ्यासमोर."

एडविनने बोळा बुडवला. पान हातात धरलं. बाहेर वारा पडलेला होता, छत स्तब्ध होतं, आणि तो झणझणीत, थंडगार वास हळूहळू दोघांच्या मधे येऊन उभा राहिला. एडविन मॅडमकडे बघत राहिला. मॅडम रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या.

"राहू दे," अखेर त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "एक झाड राहू दे त्यांना."