मावशींचा रॉकेटचा उपास

कुसुममावशी एकादशी करत नसत, चतुर्थी करत नसत. त्या फक्त रॉकेटचा उपास करत. श्रीहरिकोट्याहून रॉकेट उडायचं असलं, की सकाळपासून पाणीसुद्धा बंद. उपग्रह जागेवर पोचल्याची बातमी टीव्हीवर आली की उपास सुटायचा, आणि त्यांच्या खानावळीत जेवणाऱ्या आम्हा सगळ्यांना पुरणपोळी मिळायची.

मी तेव्हा चांदूर रेल्वेहून नोकरीसाठी अकोल्यात नवा आलेलो. न राहवून विचारलं, "मावशी, रॉकेटला काय कळतं तुमच्या उपासाचं?"

"अन् चतुर्थीची गनपतीकून पावती येते का रे तुले?"

मावशींच्या लेखी सूर्यमाला म्हणजे एक मोठी खानावळ. शनीवर त्यांचा राग. "चारी बाजूनं पसारा घालून बसते. बाजूच्यानं ताट कुठी ठेवाव?" बुध चुलीला खेटून बसल्यामुळे काळा पडलेला. मंगळाची मात्र त्यांना दया यायची. "बिचारा आपल्या वाटंनं चालला. यानं कोनाचं लग्न मोडलं? लोकंच बह्याड!"

प्लुटोला ग्रहांतून काढल्याचं मी पेपरात वाचून दाखवलं, तेव्हा त्या लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या.

"बाप्पा! काहून काढलं?"

"लहान आहे म्हणे."

"लहान आहे म्हनून पंगतीतून उठवते का कोनी?" त्या दिवशी वरणात मीठच नव्हतं. आम्ही लोणचं कालवून जेवलो.

उड्डाणाच्या वेळी उलटे आकडे मोजायचा मान वसीमभाईंचा. त्यांचं शेजारी घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून वेळेचा अधिकार त्यांच्याकडे. ते हात वर करून "दस, नौ, आठ" सुरू करत, आणि शून्याला मावशी डोक्यावर पदर घेऊन टीव्हीवर अक्षता टाकत. टीव्हीच्या मागे तांदूळ साचून उंदरांची चंगळ झाली होती.

एकदा मात्र रॉकेट छान वर गेलं, जरा वाकडं झालं आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याचे जळते तुकडे समुद्रात पडले. वसीमभाईंचा हात वरच राहिला. टीव्हीवर शास्त्रज्ञ मंडळी डोकं धरून बसलेली दिसली.

"मावशी, आता उपास सोडा," मी म्हटलं.

"थ्या पोरायचं काय? त्याइले आज कोन जेवाले घालन? चाल, फोन लाव."

"शास्त्रज्ञ फोनवर येतील होय?"

"शास्त्रज्ञ कोनाले पाह्यजे? त्याइच्या खानावळीचा नंबर काढ!"

समोरच्या एसटीडी बूथवरून चौकशीवाल्यांची मनधरणी करकरून शेवटी तिथल्या एका कँटीनचा फोन लागला. मावशींनी रिसीव्हर ओढला. "हालो! मी अकोल्याची खानावळवाली बोलून राहिली! पोट्टे जेवले का?"

वसीमभाईंनी रिसीव्हरजवळ तोंड नेऊन त्याचं हिंदी केलं. पलीकडून मोडक्या हिंदीत उत्तर आलं, "नहीं अम्मा. कोई नहीं आया. सब वैसा ही पड़ा है."

मावशींचा आवाज एकदम खाली आला. "मंग तू ताटं घेऊन जा ना, बाप्पा. बोलावू नको, येनार नाईत. पुढच्या बारीले उडन, असंबी म्हनू नको. नुसतं ताट समोर ठेव."

परत येऊन त्या पायरीवर बसल्या. आत त्यांचे यजमान रामभाऊ नेहमीसारखे कांदे चिरत होते. हा माणूस दिवसाकाठी चार शब्द बोलला तर खूप.

"भातकुलीकडं आमचं वावर होतं," मावशी मला म्हणाल्या. "कपाशी वाळून राहिली होती म्हनून यायनं बोर पाडली. सारा गाव पाहाले आला. फवारा उडाला, पोट्टे नाचले. मंग कोनंतरी पानी चाखलं. खारं, मिठावानी. एकेक करून लोकं निंगून गेले. हे बोरपाशीच बसले. कोनी त्याइले जेव म्हटलं नाई." त्यांनी आत पाहिलं. "मीबी नाई. रागात होती. चूलच पेटवली नाई."

आतला सुरीचा आवाज थांबला होता. थोड्या वेळानं रामभाऊ हात धुऊन बाहेर आले. त्यांनी पुरणपोळीचं ताट मावशींपुढे ठेवलं आणि शेजारी बसले.

"रॉकेट नाई पोचलं ना," मावशी पुटपुटल्या.

"माहीत आहे मले. जेव."

मावशींनी घास मोडला आणि आधी त्यांच्यापुढे धरला. वसीमभाई आणि मी टीव्ही बंद करायच्या निमित्तानं आत गेलो.